वर्गात प्रतिसाद देण्यापूर्वी : शिक्षकांसाठी भावनिक कौशल्यांचा सराव

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली. स्वतःच्या आणि इतरांच्या भावना ओळखणे, त्यांतील भेद जाणणे आणि त्या जाणिवेचा विचार व कृती यांसाठी उपयोग करणे, असा तिचा आशय होता. शिक्षकाच्या बाबतीत या क्षमतेची कसोटी विद्यार्थ्याची कृती आणि आपला प्रतिसाद यांच्यामधल्या काही सेकंदांत लागते. म्हणून सरावही तेथूनच सुरू करावा.

पहिला सराव थांबण्याचा आहे. अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी वर्गातील प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. हा अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढवल्यावर विद्यार्थ्यांची उत्तरे अधिक लांब व विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. हे थांबणे ऐकायला सोपे वाटते, पण शांततेने अस्वस्थ होऊन लगेच दुसऱ्या मुलाकडे वळण्याची सवय खोलवर रुजलेली असते. त्यामुळे प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात तीनपर्यंत मोजावे, आणि उत्तर आल्यावरही तितकेच थांबावे. मुलाला आपले म्हणणे पुढे नेण्याची संधी बहुधा या दुसऱ्या विरामातच मिळते.

दुसरा सराव स्वतःच्या रागाशी संबंधित आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत अवघड आहे. राग चेहऱ्यावर दिसू न देणे म्हणजे संयम, असे अनेक शिक्षक मानतात. भावनांच्या नियमनावरील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांच्या संशोधनातून मात्र असे दिसते की, नकोशी भावना केवळ दाबल्याने ती आतून कमी होत नाही, आणि दाबण्याच्या प्रयत्नात समोर घडणाऱ्या गोष्टी कमी लक्षात राहतात. प्रसंगाचा अर्थ नव्याने लावणे अधिक उपयोगी ठरते. गृहपाठ न आणणारा विद्यार्थी आपला अनादर करतो आहे, असे वाटत असेल, तर त्याला तो समजलाच नसेल, घरी वेळ मिळाला नसेल किंवा चुकण्याची भीती वाटली असेल, या शक्यता मनाशी मांडून पाहाव्यात. त्यांपैकी एकही खरी ठरली नाही, तरी चौकशीचा स्वर बदलतो. हा बदल मुलांना त्वरित कळतो, कारण शिक्षकाचा आवाज ती शब्दांच्या आधी ऐकतात.

चूक दाखवताना वर्तनाचे वर्णन करावे, व्यक्तीवर शिक्का मारू नये. ‘तू बेजबाबदार आहेस’ या वाक्यावर विद्यार्थ्याला करता येण्याजोगे काहीच नसते. ‘या आठवड्यात तुझी वही दोनदा आली नाही, काय अडचण आहे?’ या वाक्याला उत्तर देता येते. शक्य असेल तेथे हे बोलणे इतर मुलांना ऐकू जाणार नाही असे व्हावे. पालकांशी बोलतानाही हाच नियम लागू पडतो. तेथे तक्रारीपूर्वी मुलाबद्दलचे एखादे खरे निरीक्षण सांगावे, मात्र ते केवळ सोपस्कार म्हणून नसावे.

स्वतःचा स्वर आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून विश्वासातील सहकाऱ्याला एखाद्या तासाला मागे बसण्याची विनंती करावी आणि त्याला एकच गोष्ट टिपायला सांगावी : आपण कोणाला किती वेळा बोलण्याची संधी दिली. पुढच्या बाकांवरील ठरावीक मुलांकडेच आपले लक्ष जाते, हे अशा नोंदीतून स्पष्ट होते.

इतके करूनही कधीतरी तोल सुटेल. भर वर्गात अन्यायाने बोलले गेले असेल, तर क्षमाही भर वर्गातच, थोडक्यात आणि कारणे न देता मागावी. एकांतात मागितलेल्या क्षमेने त्या मुलाचा इतरांसमोर झालेला अपमान भरून निघत नाही.