एफडीजीचे उत्पादन घटले? सायक्लोट्रॉनला दोष देण्याआधी या चुका टाळा

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन (प्रोटॉनसारख्या कणांना वेग देणारे यंत्र) २००२ मध्ये तिथे सुरू झाला. आता अशी यंत्रे अनेक शहरांत आहेत आणि त्यांचे रोजचे मुख्य काम म्हणजे ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यावर प्रोटॉनचा झोत (बीम) टाकून किरणोत्सर्गी फ्लोरीन-१८ तयार करणे आणि त्यापासून पेट स्कॅनसाठी एफडीजी हे ग्लुकोजसारखे किरणोत्सर्गी औषध बनवणे. एखादी बॅच बिघडली की सकाळपासून उपाशी बसलेल्या रुग्णांना परत पाठवावे लागते. म्हणूनच बिघाड शोधण्याची पद्धत नीट असायला हवी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे हिशेब न मांडता थेट बीमवर संशय घेणे. फ्लोरीन-१८चे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे. तासाभरात मूळ ॲक्टिव्हिटीच्या (किरणोत्सर्गाच्या मात्रेच्या) ६८ टक्केच उरते, त्यामुळे वेगवेगळ्या वेळी घेतलेले आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. हॉट सेलमध्ये (एफडीजी बनते त्या किरणरोधक बंद कक्षात) आलेले पाणी, त्यातले फ्लोराइड धरून ठेवणारी क्यूएमए कार्ट्रिज, त्यातून निघून गेलेले पाणी, रिॲक्शन व्हेसल (प्रक्रियेचे भांडे), शुद्धीकरणाची कार्ट्रिज आणि शेवटची कुपी, या सगळ्यांची मोजमापे डिके-करेक्ट करून, म्हणजे क्षय हिशेबात धरून एकाच क्षणाच्या आकड्यांत बदलून मांडा. घट कुठल्या टप्प्यावर आहे ते बहुतेक वेळा या एका कागदावरच दिसते. मात्र डोस कॅलिब्रेटर (ॲक्टिव्हिटी मोजणारे यंत्र) खूप जास्त ॲक्टिव्हिटीला कमी आकडा दाखवत नाही ना, याची खात्री आधी करा. फ्लोरीन-१८चाच नमुना क्षय होऊ देत ठरावीक वेळाने मोजला की ही तपासणी होते.

हॉट सेलमध्येच ॲक्टिव्हिटी कमी पोहोचली असेल, तर साध्या पाण्याने टार्गेट (बीम ज्यावर पडतो तो पाण्याचा कप्पा) धुऊन ते पाणी मोजा. त्यात बरीच ॲक्टिव्हिटी निघाली, तर ती तयार झाली होती पण टार्गेटमध्ये किंवा नळीत अडकली होती. चांदीच्या टार्गेटमध्ये सूक्ष्म कण साचून मार्ग चोंदतो, नायोबियमच्या टार्गेटमध्ये हा त्रास कमी. धुतलेल्या पाण्यातही काही नसेल, तर टार्गेट आणि कोलिमेटर (टार्गेटआधी बीमच्या कडा अडवणारा भाग) यांच्यावरचा बीमचा करंट पाहा. कोलिमेटरचा वाटा वाढला असेल तर बीम केंद्रापासून सरकला आहे. करंट ठीक असून टार्गेटमधला दाब नेहमीपेक्षा कमी असेल, तर पाणी कमी भरले गेले किंवा गळती आहे.

ऑक्सिजन-१८ समृद्ध पाणी महाग असते, म्हणून वापरलेले पाणी पुन्हा वापरण्याचा मोह होतो. समृद्धी (पाण्यातल्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-१८चा वाटा) ९८ टक्क्यांवरून ९० वर आली तर उत्पादन साधारण त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे उत्पादन निम्म्यावर आले असेल तर कारण दुसरीकडे आहे. मला जास्त धोक्याचा वाटतो तो त्या पाण्यात राहिलेला ॲसिटोनायट्राइल या द्रावकाचा अंश. बीमखाली त्याचे विघटन होऊन दाब चढतो. समृद्धी कमी असली की ऑक्सिजन-१६पासून नायट्रोजन-१३ही बनतो. त्याच्या गॅमा किरणांची ऊर्जाही फ्लोरीन-१८सारखी ५११ केईव्हीच, त्यामुळे फरक फक्त अर्धायुष्य मोजल्यावर दिसतो. नायट्रोजन-१३चे अर्धायुष्य सुमारे १० मिनिटे आहे.

घट भरून काढायला बीमची वेळ वाढवत नेणे फारसे उपयोगी नाही. दोन तासांऐवजी चार तास बीम दिला तरी ॲक्टिव्हिटी जेमतेम दीडपट होते.

माझ्या मते बहुतेक नुकसान रसायनात होते. क्यूएमए क्लोराइड रूपातच राहिली, तर क्लोरीनयुक्त अशुद्धी तयार होते. ती कार्बोनेटने रूपांतरित करून पाण्याने नीट धुतलेली असायला हवी. पुढचा नाजूक टप्पा सुकवण्याचा. पाण्याचा अंश राहिला तर फ्लोराइड पाण्याच्या रेणूंनी वेढलेले राहते आणि मॅनोज ट्रायफ्लेटशी (ज्यापासून एफडीजी बनते त्या रसायनाशी) धडपणे प्रक्रिया करत नाही. म्हणून काहीजण तापमान वाढवतात, तेव्हा क्रिप्टोफिक्स (फ्लोराइडला प्रक्रियेसाठी मोकळे ठेवणारे रसायन) विघटित होते आणि फ्लोराइड भांड्याच्या भिंतीला चिकटते. ॲसिटोनायट्राइल घालून टप्प्याटप्प्याने सुकवा आणि व्हॅक्यूम पंपाची तपासणी टाळू नका. मॅनोज ट्रायफ्लेटची कुपी फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर हवेतला दमट अंश आत जमतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर हे विसरूच नका.

टीएलसीचा (पट्टीवर घटक वेगळे करून शुद्धता पाहणाऱ्या चाचणीचा) निकाल केवळ पास की नापास एवढ्यापुरता वाचू नका. सिलिकाच्या पट्टीवर ॲसिटोनायट्राइल-पाणी ९५:५ वापरल्यास मोकळे फ्लोराइड मूळ जागी राहते, एफडीजी मधे येते आणि ॲसिटिल गट न निघालेले संयुग त्याच्याही पुढे जाते. मूळ जागी ठिपका दिसला तर मोकळे फ्लोराइड अडवणारी ॲल्युमिना कार्ट्रिज आणि द्रावणाचा पीएच तपासा. पुढे दिसला तर हायड्रोलिसिस (ॲसिटिल गट काढण्याची पायरी) अपुरे आहे. अतिशय तीव्र द्रावणात एफडीजीचे स्वतःच्याच किरणांनी विघटन होते, मोकळे फ्लोराइड वाढते. त्यासाठी थोडे इथेनॉल घालतात, पण मर्यादेत. रवानगीच्या वेळेचा हिशेबही काटेकोर हवा. मुंबईहून नाशिकला पोहोचायला चार तास लागले, तर निघतानाच्या ॲक्टिव्हिटीपैकी सुमारे २२ टक्केच तिथे पोहोचते.

औषधात क्रिप्टोफिक्स उरले नाही ना हे पाहणारी ठिपका चाचणी, फिल्टर अखंड आहे ना हे पाहणारी बबल पॉइंट चाचणी आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचे विष) चाचणी घाईत उरकणे हा रुग्णाच्या सुरक्षेशी खेळ आहे. बॅच उशिरा गेली तरी चालेल.

एक चूक कचऱ्याच्या डब्यात घडते. १८ तासांत सुमारे दहा अर्धायुष्ये उलटून फ्लोरीन-१८ जवळजवळ संपते, म्हणून वापरलेली क्यूएमए इतर कचऱ्याबरोबर निकालात काढली जाते. पण टार्गेटच्या हॅवार फॉइलमधून (बीम आत येतो त्या मिश्रधातूच्या पातळ पडद्यातून) पाण्यात उतरलेले कोबाल्ट-५६, कोबाल्ट-५७ आणि मँगनीज-५२ यांचा काही भाग याच कार्ट्रिजमध्ये अडकतो. कोबाल्ट-५७चे अर्धायुष्य सुमारे २७२ दिवस. या कार्ट्रिज तारखेनिशी वेगळ्या डब्यात ठेवा आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरने मोजल्याशिवाय त्यांना हात लावू नका.