कोडिंग प्रिंटरचा मेकअप बदलला आणि तारखा वाकड्या यायला लागल्या

आमच्या लाइनवर बाटल्यांवर तारीख आणि बॅच नंबर छापायला सीआयजे (कंटिन्युअस इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब सतत सोडणारा) प्रिंटर आहे. दुपार झाली की अक्षरांची टोकं वाकायची, मग गटरचा (न छापलेले थेंब झेलणाऱ्या नळीचा) एरर येऊन मशीन बंद. सर्व्हिसवाला म्हणाला, नोझल बदला. एवढा खर्च करण्याआधी मेकअपची, म्हणजे शाई पातळ ठेवायला घालतात त्या सॉल्व्हंटची, बाटली पाहिली. खरेदीवाल्यांनी स्वस्तातला ‘कंपॅटिबल’ आणलेला, लेबलवर नुसतं ‘सॉल्व्हंट’. शाई मात्र एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) या सॉल्व्हंटमधली.

काचेच्या बाटलीत दोन्ही निम्मं-निम्मं मिसळून झाकण लावून रात्रभर ठेवलं. सकाळी तळाशी काळा, चिकट गाळ! शाईतलं रेझिन (रंग पृष्ठभागाला चिकटवणारा पदार्थ) या सॉल्व्हंटमध्ये विरघळूनच राहत नव्हतं. न छापलेले थेंब गटरमधून परत टाकीत येतात, त्यामुळे गाळ सगळीकडे फिरला.

टाकी रिकामी केली, एमईकेने फ्लश, नवे फिल्टर, ताजी शाई. नोझल जुनाच, व्यवस्थित चालतोय.

सध्या दुसऱ्या पुरवठादाराचा कंपॅटिबलच वापरतो. त्याच्या एसडीएसमध्ये (सुरक्षा माहितीपत्रकात) एमईके स्पष्ट लिहिलंय, बाटलीच्या चाचणीत गाळ नाही आणि शाईची व्हिस्कॉसिटीही (दाटपणा) जागेवर. ओरिजिनलच हवा असं मला तरी वाटत नाही. फ्लश करताना पंखा, हातमोजे हवेतच आणि ठिणगी अजिबात नको. एमईकेचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, उणे ९ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे.