रिबाउंड निसटतो कुठे, ते स्टँडमधून कसं बघायचं

जानेवारीतली बुधवारची रात्र. इंडियानातल्या आमच्या छोट्या गावातल्या विद्यापीठाची टीम घरच्या कोर्टवर चार गुणांनी पुढे होती आणि सामन्याची तीन मिनिटं उरली होती. पाहुण्या टीमने शॉट क्लॉकचे, म्हणजे शॉट टाकायला मिळणारे, जवळजवळ सगळे तीस सेकंद खाल्ले आणि शेवटी एक वेडावाकडा शॉट टाकला. हुकला. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, त्यांनीच घेतला. क्लॉक पुन्हा वीसवर. दुसरा शॉट, तोही हुकला, रिबाउंड परत त्यांचाच. पुन्हा वीस सेकंद. तिसऱ्या वेळी कोपऱ्यातून तीन गुणांची बास्केट पडली. आमच्या मुलांनी जवळजवळ मिनिटभर डिफेन्स केला, दोनदा चांगला केला, आणि हाती काहीच लागलं नाही. सामना दोन गुणांनी गेला.

घरी येताना गाडीत आमचे हे गप्पच होते. मग म्हणाले, “या पोरांना उडीच मारता येत नाही.” मला ते पटलं नाही. अकरा सीझन आम्ही त्याच स्टँडच्या चौदाव्या रांगेत बसतोय, आणि त्याआधी नागपुरात सिमेंटच्या कोर्टवर मी सात वर्षं सेंटर म्हणून, म्हणजे रिंगजवळ, खेळले आहे. रिबाउंड उडीच्या आधीच गेलेला असतो, शॉट सुटण्याच्याही आधी. तो कुठे जातो हे बघायला शिकलं की हरल्याचं दुःख कमी होत नाही, पण चरफड मात्र योग्य जागी पोचते. ज्यांची मुलं इकडे शिकतायत, किंवा जे स्वतः शिकायला येऊन कॉलेज बास्केटबॉलच्या नादी लागलेत, त्यांच्यासाठी मी कसं बघते ते सांगते.

सगळ्यात आधी, एकूण रिबाउंडचा आकडा बाजूला ठेवा. “त्यांचे ४१, आपले ३३, वाट लावली” असं म्हणून लोक मोकळे होतात. पण आपले शॉट जास्त हुकले असतील तर त्यांना गोळा करायला जास्त बॉल मिळणारच. टीमचा डिफेन्सिव्ह रिबाउंड तपासायचा असेल तर बॉक्स स्कोअरमधले, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यातले, दोनच आकडे घ्या : आपले डिफेन्सिव्ह रिबाउंड (त्यांचे शॉट हुकल्यावर आपण घेतलेले) आणि त्यांचे ऑफेन्सिव्ह (स्वतःचेच शॉट हुकल्यावर त्यांनी घेतलेले). त्या बुधवारी आपले २२ होते, त्यांचे १४. म्हणजे आपल्या रिंगखाली मिळण्यासारखे ३६ होते आणि आपल्या हाती आले २२, म्हणजे एकसष्ट टक्के. कॉलेजात साधारण टीमसुद्धा सत्तर टक्क्यांच्या आसपास गोळा करते. सत्तरच्या हिशेबाने ३६ पैकी पंचवीस आपले असायला हवे होते. तीन कमी पडले, आणि त्यातले दोन त्या एका मिनिटातले.

एका खेळाडूच्या आकड्यावरही विसंबू नका. २०२१-२२ मध्ये केंटकीचा ऑस्कर शिबवे सामन्यामागे पंधराहून जास्त रिबाउंड घेत होता. त्या वर्षीच्या मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात त्याने ३० गुण आणि १६ रिबाउंड काढले, तरी केंटकी पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून ओव्हरटाइममध्ये ८५-७९ ने हरली. एक माणूस कितीही मोठा असला तरी बाकीचे चौघं काय करतायत ते बघावंच लागतं.

आता मुख्य गोष्ट. बॉल बघायचा नाही. हे फार अवघड आहे, कारण आपले डोळे सवयीने बॉलमागे पळतात. म्हणून मी सामन्याचे तुकडे करते. पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असतात, आणि प्रत्येक भागात सोळा, बारा, आठ आणि चार मिनिटांच्या खाली घड्याळ गेलं की पुढच्या थांब्याला टीव्हीचा टाइमआउट होतो. या एका टाइमआउटपासून दुसऱ्यापर्यंत आपला एकच खेळाडू बघायचा. बॉल कुठेही असो, नजर त्याच्यावर. पहिल्या तुकड्यात सेंटर नको, तो सगळ्यांनाच दिसतो. बॉल ज्या बाजूला आहे तिच्या उलट बाजूच्या कोपऱ्यातला गार्ड, म्हणजे बाहेरून खेळणारा तुलनेने बुटका खेळाडू, घ्या.

हा कोपराच का? शॉट एका बाजूने टाकला आणि हुकला तर बॉल बहुतेक वेळा रिंगवरून पलीकडच्या बाजूला जातो. आणि लांबून टाकलेल्या शॉटचा रिबाउंड लांब पडतो. आजकाल तीन गुणांचे शॉट इतके पडतात, आणि २०१९ च्या सीझनपासून पुरुषांची ती रेषासुद्धा मागे, पावणेसात मीटरवर गेली, त्यामुळे बॉल उंच सेंटरच्या डोक्यावरून उडून जिथे येतो तिथे एक सव्वासहा फुटांचा गार्ड उभा असतो. बरेचदा तो बॉलकडे बघत उभा असतो. त्या बुधवारी दुसरा रिबाउंड असाच गेला. आमच्या मुलाने शॉट सुटताच मान वर केली, दोन्ही पाय सरळ, हात कमरेशी. त्याचा माणूस बेसलाइनला, रिंगमागच्या रेषेला, चिकटून त्याच्या पाठीमागून सरकला. घाई नाही, धक्का नाही. मुलाला कळलं तेव्हा तो रिंगखाली पोचला होता.

म्हणून शॉट सुटला की नजर खाली आणायची, आपल्या निवडलेल्या गड्याच्या पायांकडे. त्याने आपला माणूस शोधला का? त्याच्या अंगाला अंग लावलं का? आणि मग, फक्त मग, बॉलकडे गेला का? हा क्रम उलटा झाला की समजावं, हा बॉल आपला नव्हताच.

नागपूरला आमचे सर हे एकही शॉट न टाकता शिकवायचे. खडूने कोर्टवर एक गोल काढायचे, साधारण दोन पावलांचा. बॉल गोलाच्या मधोमध जमिनीवर ठेवायचे. एक मुलगी आत, एक बाहेर. शिट्टी वाजली की बाहेरचीने बॉलला हात लावायचा आणि आतलीने पाच सेकंद तो लावू द्यायचा नाही, हाताने न धरता, फक्त पाठ आणि कंबर वापरून. उडी मारायला मनाई. मे महिन्यात त्या सिमेंटवर संध्याकाळी सहालाही बुटातून चटका बसायचा. पहिल्या आठवड्यात मी तीन सेकंदांच्या वर टिकले नाही. नंतर कळलं की समोरचीकडे बघायचं नसतं, ती पाठीला जाणवायला हवी. ती डावीकडे गेली की आपली कंबर डावीकडे. हे मी आजही कोर्टवर शोधते. पाठीला माणूस लागलाय की नाही, हे चौदाव्या रांगेतून अगदी स्पष्ट दिसतं.

इथवर आलात की पुढची पायरी, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोलाची. बॉक्स आउट, म्हणजे पाठ लावून आपल्या माणसाला रिंगपासून दूर धरणं, झाला नाही, तर का झाला नाही ते दहा सेकंद मागे जाऊन शोधा. बरेचदा त्या मुलाची चूक नसतेच. पुढच्या फळीतला आपला गार्ड ड्रिबलवर चकला, त्यांचा माणूस आत घुसला, म्हणून आपला सेंटर आपला माणूस सोडून मदतीला आला. शॉट बिघडला, म्हणजे मदत कामी आली. पण सेंटरचा माणूस आता मोकळा आहे, रिंगपासून तीन फुटांवर. त्याला अडवायला कोपऱ्यातल्या गार्डने आत यायला हवं होतं. तो आला नाही तर रिबाउंड गेला, आला आणि बॉल त्याच्या मूळ माणसाकडे लांब उडाला तरी गेला. सगळे सेंटरवर ओरडतात. चूक तीन पावलं आधी, तीस फूट लांब झालेली असते. ज्या टीमचा रिबाउंड वाईट आहे असं आपण म्हणतो, तिचा खरा आजार खूपदा पहिल्या ड्रिबलवर असतो.

डिफेन्सचा प्रकारही ओळखायला हवा, नाहीतर नको त्याला दोष जातो. झोनमध्ये प्रत्येकाकडे माणूस नसतो, जागा असते. सिरॅक्यूजमध्ये जिम बोहाइम यांनी अनेक वर्षं २-३ झोन (पुढे दोन, मागे तीन) खेळवला. तसा झोन असेल तर “तुझा माणूस कुठाय” हा प्रश्नच चुकीचा. तिथे बघायचं की शॉट सुटल्यावर मुलगा आपल्या जागेतला जवळचा माणूस शोधतो का. टोनी बेनेट यांच्या काळातला व्हर्जिनियाचा पॅक लाइन वेगळा : बॉलवरचा एक सोडून बाकी सगळे रिंगपासून सुमारे सोळा फुटांच्या काल्पनिक रेषेच्या आत. आत घुसायला जागा नाही, आणि शॉट सुटतो तेव्हा चौघं आधीच रिंगजवळ. आणि आमची टीम करते तसं प्रत्येक स्क्रीनवर, म्हणजे समोरच्याने उभं राहून वाट अडवली की, माणसं बदलत असाल, तर छोटा गार्ड मोठ्या सेंटरपुढे सापडतो. तेव्हा त्याने उडीची शर्यत लावायची नसते, त्या सेंटरला फक्त बाहेर ढकलून धरायचं असतं, रिबाउंड दुसऱ्याने घ्यायचा.

व्हर्जिनियावरून आठवलं. २०१८ मध्ये ती पहिल्या मानांकनाची टीम सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ अशी हरली, पुरुषांच्या स्पर्धेत तोवर असं कधीच झालं नव्हतं. तेव्हाचे प्रशिक्षक टोनी बेनेट यांनी पॅक लाइन सोडला नाही. २०१९ मध्ये त्याच डिफेन्सवर त्यांनी विजेतेपद जिंकलं. एका रात्रीवरून “पद्धतच बदला” म्हणण्याआधी मी हे आठवते.

फ्री थ्रोवर मात्र मी कुणाला माफ करत नाही. तिथे लेनवर, म्हणजे रिंगपुढच्या आखलेल्या पट्ट्याच्या कडेला, डिफेन्सचे चार आणि ऑफेन्सचे दोन उभे राहतात, आणि रिंगच्या सगळ्यात जवळच्या दोन्ही जागा डिफेन्सच्या. धावपळ नाही, कुणी चकलेलं नाही, श्वास घ्यायला वेळ आहे. तिथे बॉल गेला तर ते लक्ष नसल्याचंच लक्षण. वहीत मी त्याला लाल खूण करते.

एक गैरसमजही दूर करते. आमच्या रांगेत दर सामन्याला कुणीतरी “ओव्हर द बॅक!” म्हणून रेफरीवर ओरडतं. त्या नावाचा फाउल नियमांत नाही. उंच माणसाने आपल्या डोक्यावरून हात लांबवून बॉल घेतला आणि ढकललं नाही, तर तो बॉल त्याचाच. आणि खरं सांगायचं तर आपल्या मुलाने कंबर लावून त्याला दोन फूट बाहेर धरलं असतं तर तो हात पोचलाच नसता.

या मुलांबद्दल थोडं. मदतीला जायचं तर आपली जागा कुणीतरी भरेल हा भरवसा लागतो, आणि तो बोलण्यातून, सरावातून येतो. २०२१ पासून खेळाडूला पहिल्यांदा कॉलेज बदलताना वर्षभर न खेळता बसावं लागत नाही, २०२४ पासून तर अभ्यासाची अट पाळली की हव्या तितक्या वेळा टीम बदलता येते. यंदा आमच्या पहिल्या पाचांतले तीन नवे आहेत. नोव्हेंबरात ते डिफेन्समध्ये एकमेकांशी बोलतच नव्हते, चौदाव्या रांगेत शांतता ऐकू यायची. आता बोलतात. ही एकोणीस-वीस वर्षांची पोरं आहेत. त्यांना फोनवरून शिव्या पाठवणारे लोक मी पाहिलेत, आणि मला त्याची खरोखर चीड येते. ओरडायचंच असेल तर कोर्टवर उपयोगी पडेल ते ओरडा : समोरचा शॉट घेतोय हे दिसलं की “शॉट!” म्हणा. आमच्या सरांनी हेच शिकवलं होतं. बॉलकडे पाठ असलेल्याला तोच एक इशारा असतो.

वही ठेवा, साधी शंभर पानी चालेल. प्रत्येक निसटलेल्या रिबाउंडसमोर चारपैकी एक शब्द लिहा : बघत राहिला, चकला, मदत, लांब उडाला. पाच-सहा सामन्यांनंतर पानं उलटून बघा. माझ्या वहीत डिसेंबरपर्यंत “बघत राहिला” सगळ्यात जास्त होतं. आता “मदत” जास्त आहे, म्हणजे मुलं कोपऱ्यात उभी राहत नाहीत, फक्त पुढचा गार्ड अजून चकतोय. हरण्याचे आकडे सारखेच दिसतात, पण ही टीम डिसेंबरची टीम नाही.

गेल्या शनिवारी दुसऱ्या भागात, बाराच्या टाइमआउटनंतर, तोच कोपऱ्यातला मुलगा शॉट सुटताच वळला, कंबर खाली घेतली आणि त्याच्याहून चार इंच उंच माणसाला बेसलाइनबाहेर नेऊन ठेवलं. बॉल आमच्या सेंटरच्या हातात अलगद आला, टाळ्या सेंटरला मिळाल्या. मी ह्यांचा दंड धरून म्हटलं, “अहो, सेंटर नका बघू, तो कोपरा बघा.” त्यांनी बघितलं, आणि पुढच्या पझेशनला माझ्याआधी त्यांनीच “शॉट!” म्हटलं.