निकालपत्र वाचताना क्रियापद बघा

नागपुरात सिव्हिल लाइन्समध्ये कोर्टाच्या कागदांचे अनुवाद करण्यात माझी बारा वर्षं गेली. तृतीयपंथी व्यक्तीचं प्रकरण असलं की निकाल काय लागला ते मी आधी बघत नाही. तुम्हीही शेवटचं पान बाजूला ठेवा, नावापासून सुरुवात करा.

नावात ‘उर्फ’ आहे का? जन्मनाव आधी आणि तिनं स्वतः घेतलेलं नाव ‘उर्फ’च्या मागे आलं, की ते आरोपीच्या टोपणनावासारखं वाटतं. मग ‘स्वतःला स्त्री म्हणवणारा’, ‘तथाकथित’ अशा शब्दांखाली रेघ ओढा. डिसेंबर 2013 मध्ये, समलिंगी संबंधांना तेव्हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ‘तथाकथित हक्क’ असं लिहिलं होतं. चारच महिन्यांनी, 15 एप्रिल 2014 ला, त्याच न्यायालयानं नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्यालाच आहे, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणं बेकायदा. तरी त्याच निकालात ‘युनक’ (खोजा) हा इंग्रजी शब्द जागोजागी येतो, इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यातला. म्हणून निकाल आणि त्याची भाषा, दोन्ही वेगवेगळं तपासा.

मराठीत खरी गोम क्रियापदात आहे. इंग्रजीत ‘पिटिशनर’ लिहून निभावतं. मराठीत अर्जदार ‘आला’ की ‘आली’ ते ठरवावंच लागतं. एका तृतीयपंथी स्त्रीच्या साक्षीच्या वेळी मी हजर होते. साक्षीदार म्हणाली, “मी घरी गेली होती.” आपल्या विदर्भात बाई असंच बोलते. कागदावर उमटलं, ‘मी घरी गेलो होतो.’ साक्ष वाचून दाखवली तेव्हा ती दोनदा हळूच “गेली” म्हणाली. कुणी लक्ष दिलं नाही. मीही बोलले नाही, याचं मला आजही फार वाईट वाटतं. तुम्ही सोबत असाल तर सहीच्या आधी तिथंच वकिलांना सांगा, दुरुस्ती करून घ्या. सही झाली की तो ‘गेलो’ पुढच्या प्रत्येक कागदात जातो आणि निकालातही तसाच उतरतो.

अनुवाद करणार असाल तर आधी तिचं प्रतिज्ञापत्र मागवा. ‘सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो/देते की’ या छापील ओळीत तिनं काय खोडलंय ते बघा. जे ठेवलंय, तेच शेवटच्या पानापर्यंत चालवा.