मराठी टायपिंगचा स्पीड अडकलाय? या चुका टाळा

क्लार्क-टायपिस्टच्या नोकरीसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचा स्पीड लागतो, हे कळलं की पेठेतल्या क्लासमध्ये नवी मुलं येतात आणि चौथ्या दिवशी विचारतात, "सर, स्पीड कधी येणार?" बोटांना अजून कळा सापडत नसतात!

सगळ्यात महागात पडते ती कीबोर्ड, म्हणजे कुठल्या कळेवर कुठलं अक्षर ही मांडणी, न ठरवता सराव सुरू करण्याची चूक. सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसणाऱ्या एका मुलाने तीन महिने फोनेटिकवर घालवले. इंग्रजी अक्षरं मारायची आणि खाली आलेल्या यादीतून शब्द उचलायचा. परीक्षेला इनस्क्रिप्ट ही दुसरीच मांडणी आली आणि 'निर्णय' या एका शब्दावर तो अडला. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने जायचं: न, वेलांटी, र, हलन्त (अक्षराचा पाय मोडणारी खूण), ण, य. रेमिंग्टन या आणखी एका मांडणीला टाइपरायटरची रीत: वेलांटी न च्या आधी, रफार ण पूर्ण झाल्यावर. डोक्यात दोन्ही क्रम राहिले की हात थबकतो. आपल्या परीक्षेला काय चालतं ते आधी वाचा, एकच कीबोर्ड धरा आणि सहा महिने दुसऱ्याला हात लावू नका.

दुसरी चूक बॅकस्पेसची. कळेच्या पाच दाबांचा एक शब्द धरला, तर ४० चा स्पीड म्हणजे मिनिटाला २०० दाब, सेकंदाला साडेतीनसुद्धा नाहीत. एवढ्याला कोणाचीही बोटं पुरतात. वेळ खातात त्या दुरुस्त्या. चूक तीन अक्षरं पुढे गेल्यावर दिसली, तर चार दाब मागे आणि चार पुन्हा. चार दाबांचं काम बारावर जातं, शिवाय लय तुटते ती वेगळीच. म्हणून सरावात बॅकस्पेसला हात लावू नये. चूक तशीच ठेवा, शेवटी मोजा. शंभर दाबांत दोनपेक्षा जास्त चुका असतील, तर वेग कमी करा. घाई झालेल्यांना हे पटत नाही, आणि तेच वर्षभर २५ वर अडकतात.

खाली बघून टाइप करणं: हातांवर रुमाल टाका. एफ आणि जे वरचा उंचवटा बोटांना सापडतो. इनस्क्रिप्टमध्ये तिथेच वेलांटी आणि र आहेत.

एकच उतारा घोटणं: तो पाठ होतो, स्पीड फुगलेला दिसतो. रोज नवा उतारा घ्या, वर्तमानपत्राचा अग्रलेख उत्तम.

रविवारी सलग तीन तास बसणं: उपयोग नाही. रोज वीस मिनिटं, दोनदा.

आणि इनस्क्रिप्टवाल्यांची नेहमीची एक: 'दुसऱ्या' लिहिताना साधा र, हलन्त, य दाबतात आणि रफार येऊन 'दुसर्या' उमटतं. खरं तर शिफ्ट धरून जे, मग डी (हलन्त), मग य. 'सुऱ्या', 'वाऱ्यावर', 'ऱ्हास' असे शब्द रोज दहा-दहा वेळा मारा. ऱ्हासला डी नंतर य ऐवजी ह येतो, एवढाच फरक.