हातात पत्ता अडकू देऊ नका: 'व्हॅम्पायर'चा पहिला डेक बांधताना

वेंगुर्ल्यात माझी खानावळ आहे. १ जूनला मासेमारी बंद झाली की ३१ जुलैपर्यंत गिऱ्हाईक निम्म्यावर येतं. दुपारी तीनला भांडी आवरली की मागच्या पडवीत आमचे पाच भिडू जमतात. मी, माझा भाचा, बर्फाच्या कारखान्यातले हिशेबनीस, गणिताच्या निवृत्त बाई आणि शेजारचे तांडेल काका. काकांची होडी तेव्हा शाकारून ठेवलेली असते. पत्त्यांचा खेळ एकच, 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल'. यात प्रत्येकाने आपला पत्त्यांचा गठ्ठा, म्हणजे डेक, स्वतः निवडून बांधायचा असतो. भाच्याने पुण्याहून आणला आणि तेव्हापासून खेळ इथेच राहिला.

रिचर्ड गारफिल्ड यांनी हा खेळ १९९४ साली 'जिहाद' या नावाने काढला, १९९५ मध्ये त्याचं नाव बदललं. २०१० ला छपाई थांबली होती, २०१८ पासून ब्लॅक चँट्री नवे पत्ते काढते आहे. पाच जण गोल बसतात. डावीकडचा भिडू तुमचं भक्ष्य, उजवीकडचा तुमचा भक्षक. भक्ष्याचा पूल संपवला की एक गुण आणि सहा पूल तुम्हाला मिळतात.

पूल म्हणजे प्रत्येकाचे ३० मोहरे. आमच्याकडे ते चिंचोके आहेत, आणि नव्या माणसाला शिकवायला चिंचोक्यांसारखं दुसरं काही नाही. व्हॅम्पायर मैदानात आणायचा तर त्याच्या क्षमतेइतके चिंचोके आपल्याच ढिगातून उचलून त्याच्यावर ठेवायचे. आठ क्षमतेचा आणला की ढीग एकदम बसलेला दिसतो. तुमचं सैन्य आणि तुमचा जीव एकाच पिशवीतून खर्च होतो, हे डोळ्यांना दिसल्याशिवाय डेक बांधायला बसू नका.

मेंढीकोट खेळून मोठे झालेल्या आपल्या लोकांची एक सवय इथे आड येते. तिथे हात हळूहळू रिकामा होत जातो, म्हणून चांगला पत्ता शेवटपर्यंत दाबून ठेवतात. इथे हातात कायम सात पत्ते असतात. एक खेळलात की लगेच दुसरा उचलायचा. म्हणजे जितके खेळाल तितका डेक तुमच्यापर्यंत येतो, आणि जो पत्ता खेळता येत नाही तो एक जागा अडवून बसतो. पाळीच्या शेवटी फक्त एकच पत्ता टाकून देता येतो. चार पत्ते अडकले तर तुम्ही तीन पत्त्यांनी खेळताय. मी खानावळवाली, मला हे पटकन कळलं: फ्रीजमध्ये न खपणारा मासा भरून ठेवला तर ताज्या बांगड्याला जागा उरत नाही.

कळलं, पण पहिला डेक चुकीचा बांधल्यावर. मला लपून जाणारे व्हॅम्पायर आवडले, म्हणून स्टेल्थचे पत्ते भरले. शिवाय मारामारीही आवडली, म्हणून पोटन्स या ताकदीच्या शक्तीचे इमॉर्टल ग्रॅपल आणि टॉर्न साइनपोस्ट भरले. मारामारी होते ती बहुधा कुणी तुम्हाला अडवलं तर. स्टेल्थ असतो तो कुणी अडवू नये म्हणून. त्या दिवशी माझ्या हातात पाच मारामारीचे पत्ते तासभर पडून होते आणि एकही झुंज झाली नाही. तांडेल काकांनी माझा हात बघून विचारलं, "गो बाय, तू लपान जातंस की भांडूक जातंस? एक कायतरी ठरय." डेक बांधण्याबद्दल याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. आधी एक वाक्य कागदावर लिहा: माझा डेक भक्ष्याला कसा संपवणार? ज्या पत्त्याचा त्या वाक्याशी संबंध नाही तो बाहेर.

आता क्रिप्ट, म्हणजे व्हॅम्पायरांचा गठ्ठा. कमीत कमी १२ पत्ते लागतात आणि सुरुवातीला त्यातले चार उचलायचे. प्रत्येक व्हॅम्पायरवर गटाचा आकडा असतो. सगळे एका गटाचे किंवा लागोपाठच्या दोन गटांचेच चालतात. एकाच पत्त्याच्या किती प्रती घ्याव्यात याला बंधन नाही, म्हणून बाईंनी एका दुपारी गणित मांडून दिलं. बारांत एका व्हॅम्पायरच्या दोन प्रती असल्या तर पहिल्या चारांत तो दिसण्याची शक्यता ५८ टक्के, तीन प्रतींना ७५, चारांना ८६, पाचांना ९३. ज्याच्यावर डेक उभा आहे त्याच्या मी चार प्रती घेते. पाचवी नको, कारण पहिल्या चारांत त्याच्या दोन-तीन प्रती आल्या तर त्या फुकट जातात, आणि समोरच्यानेही तोच आणला तर दोघांना दर पाळीला एकेक पूल मोजावा लागतो.

स्वस्त व्हॅम्पायर विसरू नका. एका पाळीत चारच ट्रान्सफर, म्हणजे ढिगातून व्हॅम्पायरवर चिंचोका सरकवायच्या संधी, मिळतात, आणि पहिल्या पाळीत पहिल्या भिडूला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. नुसते नऊ-दहा क्षमतेचे भरलेत तर तिसऱ्या पाळीपर्यंत अंगण मोकळं राहील. पहिल्या तिघांवर मिळून १८ पेक्षा जास्त चिंचोके गेले तर मला झोप येत नाही.

लायब्ररी, म्हणजे हातातले पत्ते जिथून येतात तो दुसरा गठ्ठा, ६० ते ९० पत्त्यांची. नवी माणसं नव्वद भरतात, कारण एकही पत्ता सोडवत नाही. माझा आताचा माल्केव्हियन या व्हॅम्पायर-कुळाचा डेक ७२ चा आहे: मास्टर (व्हॅम्पायरने नव्हे, भिडूने स्वतः खेळायचे पत्ते) १४, गव्हर्न दि अनअलाइन्ड १२, कंडिशनिंग ८, स्टेल्थ १८, जागं करणारे ऑन द की व्हीव्ह ८, आणि आपल्यावर आलेला घाव दुसऱ्याकडे वळवणारे डिफ्लेक्शन ८, टेलिपॅथिक मिसडायरेक्शन ४.

यातला गव्हर्न नीट वाचा, कारण चांगला पत्ता कसा ओळखावा ते त्यात आहे. डॉमिनेट या शक्तीच्या साध्या पातळीवर तो ब्लीड, म्हणजे भक्ष्याच्या पुलावरचा घाव, दोनने वाढवतो. वरच्या पातळीवर तोच पत्ता पेढीतले, म्हणजे सामाईक साठ्यातले, तीन चिंचोके तुमच्या अजून न आलेल्या, वयाने लहान म्हणजे कमी क्षमतेच्या व्हॅम्पायरवर ठेवतो. म्हणजे डावाच्या सुरुवातीला आला तरी कामाचा, शेवटी आला तरी कामाचा. दोन कामं करणारा पत्ता अडकत नाही. नंतर त्यालाच कंडिशनिंग जोडलं की व्हॅम्पायरचं मुळातलं एक, गव्हर्नचे दोन आणि कंडिशनिंगचे तीन मिळून सहाचं ब्लीड होतं. स्टेल्थ वाया जातो असं वाटेल, पण भक्ष्य अडवायला लागलं की एका ब्लीडमागे दोन-तीन लागतात. अठरातला एकही कमी करू नका.

मास्टर पत्ता पाळीला एकच खेळता येतो. आमच्या डावात प्रत्येकाच्या बारा-पंधरा पाळ्या होतात, मग २५ मास्टर घेऊन करायचं काय? ब्लड डॉल किंवा व्हिलेन मात्र हवेतच. व्हॅम्पायरवर गेलेले चिंचोके ढिगात परत आणायचा तो मार्ग आहे.

भक्षकासाठी किती जागा ठेवायची, यावर आमच्यात दर पावसाळ्यात वाद होतो. हिशेबनीस म्हणतात चार पत्ते पुरे. माझ्या मते वीस हवेत. मागच्या जुलैत त्यांनीच माझ्यावर सहाचं ब्लीड आणलं तेव्हा माझा व्हॅम्पायर आडवा (काम करून थकलेला) होता आणि पूल पाच उरला होता. ऑन द की व्हीव्हने त्याला जागं केलं, एक रक्त, म्हणजे त्याच्यावरचा एक चिंचोका, देऊन डिफ्लेक्शन खेळले आणि ती लाट तशीच पुढे बाईंच्या दारात गेली. बाईंचा पूल चार होता. त्या बाद झाल्या, गुण आणि सहा पूल मला. हल्ला हिशेबनिसांचा, फळ माझं. बचावाचे पत्ते असे निवडा की ते भक्ष्यावरही चालतील. नुसतं ब्लीड कमी करणारे पत्ते मी घेत नाही.

भक्षकाला ठेचायच्या भरीस मात्र पडू नका. तो दुबळा झाला की त्याच्या मागचा त्याला खातो, सहा पूल घेऊन ताजातवाना होतो आणि तुमच्या उजवीकडे येऊन बसतो.

आपल्याकडे पत्त्यांना प्लास्टिकची पाकिटं घालाच. जुलैच्या हवेत उघडा पत्ता दोन दिवसांत फुगतो, पिसताना चिकटतो आणि कडेवरून ओळखूही येतो. सावंतवाडीच्या गंजिफाला लाखेचा थर असतो, आपल्या पत्त्यांना तो नाही.

डेक बांधून झाला की वहीत अडकलेले पत्ते लिहा. मी गिऱ्हाइकांच्या उधारीच्या वहीतच मागच्या पानावर लिहिते: कोणता पत्ता दोन पाळ्यांपेक्षा जास्त हातात राहिला आणि का. 'का' महत्त्वाचं. भक्षक शांत होता म्हणून डिफ्लेक्शन पडून राहिलं तर तो डेकचा दोष नाही. पाच डावांत एकच नाव तीनदा आलं तर तो पत्ता काढा. एका वेळी तीनपेक्षा जास्त बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. आणि काढलेले पत्ते वेगळ्या डब्यात ठेवा. मी काढलेले इमॉर्टल ग्रॅपल तांडेल काकांनी मागून नेले आणि भांडणारा डेक बांधला. त्यात स्टेल्थचा एकही पत्ता नाही.