दोन कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलमध्ये मिश्रण विषम झाले? या चुका टाळा

दोन सिलिंडरांपैकी एक सुरळीत चालतो आणि दुसरा अडखळतो, तेव्हा बहुतेक जण आधी कार्ब्युरेटरवरील मिक्श्चर स्क्रूला, म्हणजे पेट्रोल आणि हवेच्या मिश्रणाचे प्रमाण बदलणाऱ्या स्क्रूला, हात घालतात. माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, कारण त्यानंतर मूळ दोष कोणता आणि आपण केलेला बदल कोणता, हे सांगता येत नाही. शिवाय या स्क्रूचा प्रभाव मुख्यतः आयडलिंगला (थ्रॉटल न देता इंजिन मंद चालते तेव्हा) आणि थ्रॉटल किंचित उघडेपर्यंतच असतो. तो इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेरच्या दिशेने फिरवल्यावर सहसा पेट्रोल वाढते आणि एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा वाढते. हे न पाहता फिरवणारे नेमके उलट्या दिशेने जातात.

प्लग काळा दिसला की पेट्रोल जास्त येते, असा निष्कर्षही घाईचा ठरतो. ठिणगी कमजोर असेल तर न जळलेले पेट्रोलही प्लग काळा करते आणि बराच वेळ आयडलिंगवर चाललेल्या इंजिनचा प्लग तसाही काजळतो. म्हणून प्रथम दोन्ही बाजूंचे प्लग आणि प्लग कॅप आपसांत बदलून पाहावेत. दोष त्यांच्याबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर कार्ब्युरेटर उघडण्याचे कारणच उरत नाही. दोष जागचा हलला नाही, तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची ठरावीक फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधील दाब) तपासावे.

दोन सिलिंडर असण्याचा मोठा फायदा असा की एकाची दुसऱ्याशी तुलना करता येते. दोघांचा एअर फिल्टर सामाईक असेल, तर एकाच बाजूच्या दोषासाठी त्याला जबाबदार धरण्यात अर्थ नाही. त्याच बाजूचा तडकलेला इनटेक रबर (कार्ब्युरेटर इंजिनला जोडणारा रबर), अर्धवट बंद होणारा चोक प्लंजर (थंड इंजिनला जादा पेट्रोल देणारा दट्ट्या), चुकीची फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची, फाटलेला डायफ्रॅम (रबरी पडदा) किंवा तुंबलेला पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारे बारीक छिद्र) शोधावा. हवेची गळती पाहण्यासाठी गरम इंजिनवर ज्वलनशील स्प्रे मारणे धोक्याचे आहे. सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि इंजिनचा वेग बदलतो का, ते ऐकावे. जेट तारेने कधीच टोकरू नये, कारण छिद्र किंचित मोठे झाले तरी त्या बाजूचे मिश्रण कायमचे बिघडते.

व्हॅक्यूम गेजने (हवेची ओढ मोजणाऱ्या मापकाने) दोन्ही कार्ब्युरेटर जुळवण्याचे काम वरील दोष दूर झाल्यानंतरच करावे. त्या जुळवणीने दोन्हीकडे सारखी हवा जाते. एका बाजूचे पेट्रोलचे प्रमाण चुकलेले असेल, तर ते तसेच राहते.